झिरो, तीन, पाच आणि बाजूच्या दाराची किल्ली

मंडळी, थेट पाईपलाईन, हद्दवाढ, खड्डे हे आपले रोजचे विषय आज जरा बाजूला ठेवतो. आज गिटारवर लिहिणार आहे. "वायरिंगवाल्याला हे काय सुचलं?" असं काहीजण म्हणणार हे माहीत आहे. म्हणा. पण मला ओळखणाऱ्यांना हेही माहीत आहे की आमची गाडी कुठूनही सुटली तरी शेवटी महापालिकेच्या दारातच जाऊन थांबते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं वय 52. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं काम करून तीस वर्षं होत आली. लेक दोन वर्षांपूर्वी पुण्याला नोकरीला गेली आणि तिची इलेक्ट्रिक गिटार, तो छोटा अँप, वायरी, सगळं कपाटावर चढलं. आमच्या हिनं दोनदा विचारलं, "हे विकायचं का कुणाला?" विकायला मन होईना. मग गेल्या पावसाळ्यात एका रविवारी खाली काढली, धूळ पुसली आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, एक गाणं शिकीव. एकच. पूर्ण गिटार नको.

ती म्हणाली, "पप्पा, मग स्मोक ऑन द वॉटर. जगात गिटार हातात घेणारा माणूस पहिलं तेच वाजवतो."

खरं आहे ते. डीप पर्पल नावाच्या इंग्लंडच्या बँडचं हे गाणं, 1972 च्या मशिन हेड या अल्बममधलं. गिटारच्या दुकानात नवं पोरगं शिरलं की हेच वाजवतं, इतकं की दुकानदार वैतागतात असा जगभर विनोद आहे. तुम्ही गाणं ऐकलं नसलं तरी ती सुरुवातीची धून ऐकलेली असणार. जाहिरातीत, सिनेमात, कुणाच्या तरी रिंगटोनला.

लेकीनं मला ते आकड्यांत सांगितलं. झिरो, तीन, पाच. झिरो, तीन, सहा-पाच. झिरो, तीन, पाच, तीन, झिरो. झालं. एवढंच. झिरो म्हणजे मोकळी तार, तीन म्हणजे तिसऱ्या पट्टीवर बोट. फोन नंबर पाठ करण्यापेक्षा सोपं. अर्ध्या तासात आकडे पाठ झाले आणि मला वाटलं, आलं की!

पण आकडे येणं वेगळं आणि वाजणं वेगळं. पुढचे तीन महिने त्यातच गेले.

बहुतेक लोक ही धून एकाच जाड तारेवर वाजवतात. ओळखू येते, पण त्यात दम नसतो. रिची ब्लॅकमोर, ज्यानं ती बसवली, तो दोन तारा एकदम वाजवतो. मधल्या दोन, डी आणि जी. दोन्हीवर एकाच पट्टीवर एकच बोट आडवं. आणि तो प्लेक्ट्रम वापरत नाही इथं. प्लेक्ट्रमनं वाजवलं की आधी एक तार वाजते, मग दुसरी, मधे केसाएवढं अंतर पडतं. तो बोटांनी दोन्ही तारा चिमटीत धरल्यासारख्या उचलतो, म्हणजे दोन्ही आवाज एका क्षणी सुटतात. दार ठोठावणं आणि दार ढकलणं यात जो फरक आहे ना, तो फरक.

माझ्या हाताला घट्टे आहेत, तीस वर्षं पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर धरलाय. मला वाटलं तारांचं काय मोठं. पण घट्टे तळहातावर, आणि तारा टोचतात बोटांच्या टोकाला. पहिले पंधरा दिवस मोबाईलचं लॉक बोटाच्या ठशानं उघडेना. हसू नका, खरंच सांगतोय.

आणि सगळ्यात अवघड काय असेल तर दोन आवाजांच्या मधली शांतता. पहिले तीन सूर सरळ मात्रेवर पडतात, एक, दोन, तीन, पाय ठोकत म्हणा. दुसऱ्या ओळीत मात्र सूर मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधे येतो. तिथं घाई केली की गाडी रुळावरनं उतरली. आणि अँपचा आवाज जरा फाडून ठेवला की हाताखालची प्रत्येक न वाजवलेली तारसुद्धा बोलायला लागते. मग उजव्या हाताचा कडेचा भाग तारांवर ठेवून नको त्या तारा गप्प करायच्या. लेक सारखी ओरडायची, "पप्पा, वाजवायचं आलंय, आता थांबवायचं शिका."

आमच्या कॉलनीत आप्पा आहेत. वय 74, भजनी मंडळात पेटी वाजवतात. एक दिवस त्यांनी खिडकीतनंच विचारलं, "काय रं, रोज तेच तेच वाजवतोयस, रेकॉर्ड अडकलीय का?" त्यांना आत बोलावलं, धून ऐकवली. आप्पांनी डोळे मिटून दोनदा ऐकली आणि लगेच सरगम सांगितली. सा, कोमल ग, शुद्ध म. सा, ग, तीव्र म, शुद्ध म. सा, ग, म, ग, सा. "दोन मध्यम लागोपाठ आल्यात बघ. तिथंच काळजाला चिमटा बसतोय. त्यो तीव्र मध्यम काढून टाक, मग बघ गाण्यात काय ऱ्हातंय."

काढून बघितलं. काही राहिलं नाही. अख्खं गाणं त्या सहाव्या पट्टीवरच्या अर्ध्या क्षणावर उभं आहे. आप्पांना ना डीप पर्पल माहीत, ना इंग्लंड. पण मला दोन महिन्यांत जे कळलं नव्हतं ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. आपल्याकडं हा माणूस भजनाच्या मानधनावर आणि पेन्शनवर जगतोय, शाळेत संगीत शिक्षकाची जागा मात्र वर्षानुवर्षं रिकामी. असो, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

त्याच आप्पांनी पुढं विचारलं, "गाणं हाय कशावर? प्रेमाचं?"

नाही. आगीवर आहे. आणि इथून पोस्टचा खरा विषय.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठावर माँत्रो नावाचं गाव आहे. तिथं 1967 पासून मोठा जॅझ महोत्सव भरतो. तिथल्या कसिनोमध्ये एक मोठं सभागृह होतं. डिसेंबर 1971 मध्ये डीप पर्पलवाले तिथं अल्बम रेकॉर्ड करायला आले होते. रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा एक ट्रक होता, आत पूर्ण रेकॉर्डिंग स्टुडिओ, तो भाड्यानं आणलेला. हिवाळ्यासाठी कसिनो बंद होणार होता, मग रिकाम्या सभागृहात हे रेकॉर्ड करणार असा बेत. त्याआधी तिथं शेवटचा एक कार्यक्रम होता, 4 डिसेंबरला दुपारी, अमेरिकेच्या फ्रँक झाप्पा यांचा. पर्पलवालेही बघायला गेले होते.

कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन छताकडं उडवली. फ्लेअर गन म्हणजे समुद्रात बोट अडचणीत आली की आकाशात लाल गोळा सोडतात ती पिस्तुलासारखी वस्तू. छताला वेताचं सजावटीचं आवरण. आता वेत, तोही वर्षानुवर्षं बंद हॉलमध्ये वाळलेला, त्यावर जळता गोळा. मला त्यातलं पुढचं कुणी सांगायची गरज नाही. माझ्या धंद्यात आम्ही याला "काडेपेटीतली खोली" म्हणतो.

अख्खा कसिनो जळाला. झाप्पा यांच्या बँडचं सगळं सामान जळालं. महोत्सवाचे सर्वेसर्वा क्लोद नॉब्स स्वतः आत-बाहेर करत पोरांना बाहेर काढत होते, म्हणून त्यांचा उल्लेख गाण्यातसुद्धा आहे. मोठी काच फोडून लोक बाहेर पडले. आणि एवढ्या आगीत एकही माणूस मेला नाही. हे वाक्य परत वाचा. भरलेलं सभागृह, वेताचं छत, आणि एकही मृत्यू नाही.

पर्पलवाल्यांनी हॉटेलमधनं बघितलं, तर धुराचा पट्टा सरोवराच्या पाण्यावर पसरलेला. काही दिवसांनी त्यांचा बेस गिटार वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतनं उठताना "पाण्यावरचा धूर" या अर्थाचे ते शब्द पुटपुटला. गायक इयान गिलन. दोघांनी मिळून जे घडलं ते तसंच्या तसं लिहून काढलं. गाणं कसलं, पंचनामाच तो! कोण होतं, कुठं होतं, काय झालं, मग आम्ही काय केलं.

मग काय केलं तेही मजेशीर आहे. कसिनो गेला, मग त्यांनी गावातलं पॅव्हिलियन नावाचं दुसरं सभागृह घेतलं. रात्री उशिरा या धूनचं रेकॉर्डिंग चालू, आवाज अख्ख्या गावात. शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवलं. पोलीस दारावर, आणि आतनं बँडची माणसं दार दाबून उभी, का तर टेक पूर्ण व्हायचाय. टेक झाला, मगच दार उघडलं. दुसऱ्या दिवसापासून तिथनं हकालपट्टी. शेवटी हिवाळ्यासाठी बंद पडलेल्या एका मोठ्या हॉटेलच्या बोळात, गाद्या लावून आवाज अडवत, थंडीत कुडकुडत त्यांनी अल्बम पूर्ण केला. आणि हे गाणं हिट होईल असं त्यांना स्वतःलाच वाटलं नव्हतं. 1973 मध्ये सिंगल म्हणून निघालं आणि अमेरिकेच्या यादीत चौथ्या नंबरवर गेलं.

माँत्रोचा कसिनो 1975 मध्ये पुन्हा उभा राहिला.

हे सगळं वाचताना, ऐकताना मला काय दिसत असेल ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र. केशवराव भोसले नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, संगीतसूर्यांची जयंती. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं ते पॅलेस थिएटर, खासबाग मैदानाला लागून. एका भिंतीच्या अलीकडं नाटक आणि पलीकडं कुस्ती, असा राजा जगात दुसरीकडं दाखवा. त्या रात्री अर्धं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं. मोठमोठे नट, बॅकस्टेजची पोरं, रिक्षावाले, सगळे रडत होते. मीही त्या गर्दीत होतो.

मी वीस-बावीस वर्षांचा असताना तिथं राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी लाईटवाल्यांचा हेल्पर म्हणून केबल ओढल्यात. त्या रंगमंचाच्या लाकडी फळ्यांचा वास अजून नाकात आहे. जुन्या नाट्यगृहात आग कशाला लागते असं विचारू नका, का लागत नाही असं विचारा. लाकूड, पडदे, जुने सेट, रंग, त्यावर तापलेले दिवे, आणि सतत कुणीतरी नवी वायर जोडत असतं. पण त्या रात्री आत प्रयोग नव्हता. माणूस एकही गेला नाही. वास्तू गेली. आता उभारणीचं काम चालू झालंय, होईल तेव्हा होईल, पण पहिला पडदा उघडेल त्या दिवशी मी आत असणार.

आपण म्हणतो, देवाची कृपा. माँत्रोत माणसं वाचली कारण बाहेर पडायला वाट मिळाली, किंवा काच फोडून केली गेली. आपल्याकडं माणसं वाचली कारण आत माणसंच नव्हती. या दोन्हीत फरक आहे हो.

वाट नसली की काय होतं त्याची यादी जगभर आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला 20 फेब्रुवारी 2003 ची रात्र, बँडनं स्टेजवर आतषबाजी केली, भिंतीला आवाज शोषणारा फोम, 100 माणसं गेली. ब्राझीलमध्ये सांता मारियाचा क्लब, 27 जानेवारी 2013, पुन्हा बँडची आतषबाजी, पुन्हा फोम, 242. दिल्लीचं उपहार सिनेमागृह, 13 जून 1997, 59. मुंबईत कमला मिल, डिसेंबर 2017, 14. आणि आत्ता, 6 डिसेंबर 2025 च्या रात्री, गोव्यात हडफडे. 25 जीव. त्यात बहुतेक तिथं काम करणारी पोरं, कुठल्या कुठल्या राज्यातनं पोटासाठी आलेली. या यादीतल्या बहुतेकांना आगीनं नाही, धुरानं मारलं. धूर वर जातो, छताला लागतो, खाली उतरतो, आणि माणूस अंधारात ज्या दारानं आत आला त्याच दाराकडं पळतो. बाजूला दुसरं दार असलं तरी. माहीत नसतं ना! आणि माहीत असलं तरी त्याला कुलूप.

तर, आमच्या कॉलनीचं स्नेहसंमेलन 26 जानेवारीला संध्याकाळी होतं. दरवर्षी पटांगणात असतं, यंदा एक हॉल घेतला. हॉलचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका, त्याचं कारण शेवटी येईल. आप्पा, मी, आणि ढोलकी-कहोन वाजवणारी दोन पोरं, असं आमचं गाणं ठरलं. गिटारवर मी, आणि मूळ गाण्यात ऑर्गन आहे तिथं आप्पांची पेटी. (मूळ गाण्यात जॉन लॉर्डनं हॅमंड ऑर्गन चक्क गिटारच्या अँपमधनं काढलाय, त्यामुळं ऑर्गन आहे का गिटार हे कळत नाही. आमच्या आप्पांनी पेटी माईकला इतकी चिकटवली की थोडाफार तोच परिणाम आला.)

आदल्या दिवशी साऊंड बघायला गेलो. सवयीनं आधी मेन बोर्ड बघितला, मग दारं. पुढचं मोठं दार, ठीक. डाव्या बाजूला दुसरं दार, वर हिरवी "बाहेर" पाटी, पाटीतला दिवा बंद, दाराला कुलूप, आणि दाराच्या पुढं खुर्च्यांची चळत माझ्या डोक्याएवढी. फायर एक्स्टिंग्विशर दोन होते. एकावर तारीख संपून 14 महिने झालेले, दुसरा पडद्याच्या मागं दाराला टेकण म्हणून लावलेला.

मॅनेजरला म्हटलं, "दादा, हे दार उघडं पाहिजे उद्या."

"काका, उघडं ठेवलं की जेवायला फुकटे घुसत्यात. लग्नात काय हाल होत्यात तुम्हाला माहीत न्हाई."

मला त्याचं म्हणणं कळतं. खरंच घुसतात. त्याला रोज पार्टीच्या शिव्या खाव्या लागतात. पण कडी आतनं लावता येते, बाहेरनं न उघडणारं आणि आतनं ढकललं की उघडणारं दार मिळतं. त्याला पॅनिक बार म्हणतात. आडवी दांडी असते, अंगानं ढकलली तरी उघडते. मोठ्या मॉलमध्ये बघितली असेल. ते जाऊ द्या, त्या दिवशीपुरता एक माणूस खुर्ची टाकून बसवला तरी पुरे.

तेवढ्यात इव्हेंटवाला पोरगा आला. चार मशीन घेऊन. कोल्ड पायरो. प्रमुख पाहुण्यांची एंट्री आणि आमच्या गाण्याच्या सुरुवातीला. लग्नात नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना ते पांढरे कारंजे उडतात ना, तेच. "काका, कोल्ड हाय ओ. हात घातला तरी काय होत न्हाई."

नाव कोल्ड आहे म्हणून ते बर्फ नाही. धातूचे बारीक कण तापवून उडवतात, ठिणग्या त्या ठिणग्याच. सुट्या हातावर पडली तर चटका बसणार नाही कदाचित, पण वर थर्माकोल, मागं फ्लेक्स, बाजूला सॅटिनचे झालर पडदे, आणि स्टेजवर दहा-बारा लहान पोरी नाचाच्या नायलॉनच्या घागऱ्यात. आगीवरच्या गाण्याला आत आग उडवायची आणि बाजूला कुलूप. मी म्हटलं, मशीन आत लागणार असतील तर मी वाजवणार नाही, आणि माझ्या घरचं कुणी येणार नाही.

यावरनं जी बाचाबाची झाली ती झाली. आमच्या समितीतला एकजण म्हणाला, "तुम्ही प्रत्येक ठिकाणी राजकारण आणता." दुसरा म्हणाला, "पोरांचा विरस करू नका, पैसे दिल्यात." पैसे दिलेत हे खरं होतं. इव्हेंटवाल्या पोराचंही पोट त्यावरच आहे, त्याला फुकट घालवायचं नव्हतं. शेवटी आप्पा बोलले, जे सहसा मीटिंगमध्ये बोलत नाहीत. म्हणाले, "बाहेर पटांगणात उडवा की. पाव्हणं गाडीतनं उतरताना. मोकळ्या आभाळाखाली लय भारी दिसंल." झालं, मिटलं. पोराचे पैसेही गेले नाहीत, आणि फोटो आतल्यापेक्षा चांगले आले.

राहिलं कुलूप. मॅनेजर म्हणाला, किल्ली वॉचमनकडं, वॉचमन गावाला, चार दिवसांनी येणार. मी म्हटलं, काळजी करू नका, माझ्या गाडीत ग्राइंडर आहे, दोन मिनिटांत कुलूप कापतो, नवं कुलूप माझ्याकडनं. ग्राइंडर आणायला गाडीपर्यंत गेलो आणि परत येईपर्यंत किल्ली सापडली. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. वॉचमन गावाला गेला तरी किल्ली गेली नव्हती.

दार उघडलं तर पलीकडं काय? जनरेटर आणि केटरिंगवाल्याचे रिकामे सिलेंडर. ते हलवायला आणखी तासभर.

कार्यक्रम झाला. गाण्याच्या सुरुवातीला मी घामाघूम. पहिले तीन सूर पडले, थांबलो, मोजलं, दुसरी ओळ. तीव्र मध्यमावर आप्पांनी पेटीचा भाता असा काही ओढला की मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं उभी राहिली. शब्द आम्ही गायलो नाही, इंग्रजी कुणाला जमणार, नुसती धून आठ वेळा, मधे ढोलकी. लेक पुण्याहून आली होती, पुढच्या रांगेत बसून पायानं ताल देत होती, आणि मी घाई करतोय असं वाटलं की हात खाली-खाली करत होती. खाली उतरल्यावर एक आजी म्हणाल्या, "भजन चांगलं झालं, पण देवाचं नाव ऐकू आलं न्हाई."

आता कामाचं.

महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यात इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. आगीची यंत्रणा बसवली की परवानाधारक एजन्सीकडनं "अ" नमुन्याचं प्रमाणपत्र. आणि ती यंत्रणा चालू स्थितीत आहे याचं "ब" नमुन्याचं प्रमाणपत्र वर्षातनं दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. म्हणजे कायद्याप्रमाणं प्रत्येक मंगल कार्यालय, हॉल, सिनेमागृहाचा ताजा कागद आत्ता फाईलला असायला पाहिजे. आहे का? मी सांगू शकत नाही. म्हणून विचारलंय. माहितीच्या अधिकारात अग्निशमन विभागाकडं अर्ज दिलाय. शहरातल्या किती सभागृहांनी आणि मंगल कार्यालयांनी जानेवारीचा "ब" नमुना दिला, किती बाकी, आणि बाकी असलेल्यांना नोटीस गेली का. 30 दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की जसं आहे तसं इथं टाकीन.

हॉलचं नाव का घेतलं नाही? कारण एका मॅनेजरला झोडपून आपण मोकळे झालो, असं होऊ द्यायचं नाही. मागच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या हॉलमध्ये लग्नांना गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो, आणि बाजूचं दार बघून आलो. तिन्ही ठिकाणी कुलूप. आमच्या त्या हॉलवरनंही जाताना डोकावलो. परवा लग्न होतं. जनरेटर परत दाराच्या मागं.

तेव्हा विनंती एवढीच. लग्नसराई चालू आहे. तुमच्या घरचं कार्य असेल तर बुकिंगच्या वेळी दोन गोष्टी लिहून घ्या, एक, बाजूचं दार कार्यक्रमभर आतनं उघडेल. दोन, आत कुठलीही ठिणगी उडवायची नाही. पावतीवरच लिहून घ्या, तोंडी नको. ॲडव्हान्स द्यायच्या आधी माणूस ऐकतो, नंतर ऐकत नाही. आणि कार्यक्रमाच्या दिवशी किल्ली कुणाकडं आहे ते नावानिशी माहीत पाहिजे. मामाकडं असं नको, कुठला मामा ते पाहिजे.

ज्यांनी कार्यालयात किंवा हॉलमध्ये हे करून घेतलं त्यांनी कमेंटमध्ये कसं जमवलं तेवढं लिहा, दुसऱ्यांना उपयोग होईल. ज्यांची कार्यालयं आहेत त्यांनी पॅनिक बारबद्दल विचारायचं असेल तर फोन करा, कोटेशन मागायला नाही, नुसतं बघायला येईन, चहावर.

गाण्याचं म्हणाल तर त्यातला मधला सोलो अजून बाकी आहे. लेक म्हणते जूनपर्यंत येईल. आप्पा म्हणतात त्यांचा भाग त्यांना आत्ताच येतोय.